काचपेटीतला मासा संकट झेलून मरत नाही

‘घरातला मासा अचानक मेला, तर घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले असे समजावे, पेटीतले सगळे पाणी त्याच दिवशी बदलावे आणि त्याच रंगाचा नवा मासा सोडावा,’ अशा आशयाचा मजकूर कोकणातल्या घरोघरच्या व्हॉट्सअॅप गटांवर वारंवार फिरतो. रडणाऱ्या मुलाची समजूत घालायला कोणी असे म्हटले, तर ते समजण्यासारखे आहे. मात्र त्यात सांगितलेला उपाय उरलेल्या माशांच्या जिवावर बेततो, म्हणून तो खोडून काढणे आवश्यक वाटते.

संदेशातला पहिला पुरावा असा की मासा रात्री ठणठणीत होता, सकाळी मेला आणि तोही सर्वांत मोठा. वास्तविक पाण्यातला प्राणवायू पहाटेच सर्वांत कमी असतो, कारण अंधारात वनस्पती तो सोडत नाहीत, उलट वापरतात. त्यातच 20 अंश सेल्सिअसच्या एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावत असेल, तर 30 अंशांना तो जेमतेम साडेसातच मावतो. वैशाखातल्या उकाड्यात वळवाच्या वादळाने रात्रभर वीज गेली, हवेचा पंप थांबला, की गुदमरणे ओघानेच येते; आणि अशा वेळी बहुधा मोठा मासाच आधी दगावतो.

‘पाणी तर आपण पितो तेच होते,’ हा दुसरा मुद्दा. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, ती आपल्यासाठी हितकारकच असते. पण त्यातला क्लोरीन माशाचे नाजूक कल्ले जाळतो. असे पाणी दिवसभर उघड्या भांड्यात हवा देऊन ठेवावे किंवा दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे खडे योग्य प्रमाणात वापरावेत. डासांसाठी मारलेला फवाराही माशांना अत्यंत विषारी असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सर्वांत घातक आहे तो सगळे पाणी बदलण्याचा सल्ला. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया सतत तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढलेले असतात. जांभ्याच्या मुलखातल्या विहिरींचे पाणी सहसा मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असल्याने पेटीत ते हळूहळू आम्लधर्मी होत जाते. आम्लधर्मी पाण्यात बहुतेक अमोनिया सौम्य रूपात राहतो. मात्र सामू (पीएच; पाणी जितके कमी आम्लधर्मी, तितका हा अंक जास्त) एका अंकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहा पटींनी वाढतो. म्हणजे जास्त सामूचे पाणी पेटीत एकदम ओतले, तर तळात आणि उरलेल्या पाण्यात साचलेलाच अमोनिया विष बनतो. शिवाय त्याच झटक्यात स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर जिवाणूही जातात आणि पुन्हा पुरेसे वाढायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याच रंगाचा नवा मासा नेमका अशा पाण्यात येऊन पडतो.

बाजारात बांगडा घेताना कल्ले उचलून पाहणाऱ्या आपण नुकत्याच मेलेल्या पाळीव माशाचेही कल्ले उचलून पाहावेत. ते लालऐवजी चॉकलेटी दिसले, तर नायट्राइटचा संशय घ्यावा. मेलेला मासा काढून टाकावा, दोन दिवस खाणे थांबवावे, पंप चालू आहे ना ते बघावे, आणि पाव भागच पाणी, तेही क्लोरीन घालवलेले, सावकाश बदलावे.