ड्रंक अँड ड्राइव्हचा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी

थर्टीफर्स्ट जवळ आला की "पिऊन पकडलं तर घाबरू नका, कायदा माहीत करून घ्या" छाप मेसेज फिरायला लागतो आणि चांगली शिकलेली माणसंही तो डोळे मिटून फॉरवर्ड करतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

म्हणे दहा हजार टेकवा, जागेवर सुटका. अहो, सिग्नल तोडल्याचं चलान आहे का ते? मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ तडजोडीत मिटतच नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. परत सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही.

श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमध्ये फुंकायला नकार द्या, पुरावाच उरणार नाही? नकार दिला आणि प्यायल्याचा संशय असला की वॉरंटशिवाय अटक करता येते, वर तो नकारच कोर्टात तुमच्या विरोधात वापरला जातो.

आता "दोन तास गेले की केस संपली" हा मुद्दा, कारण यात अर्धं खरं आहे आणि लोक तिथेच फसतात. अटकेपासून २ तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं, हे कायद्यातच आहे. पण सोडायचं म्हणजे कोठडीतून, केसमधून नाही! मशीनवरचा आकडा आधीच आलेला असेल तर तो पुरावा कुठे जातोय?

"गाडी हललीच नव्हती" हेही चालत नाही, चालवायचा प्रयत्न केला तरी कलम लागतं.

कॉफी, वेलची, च्युइंगगम वगैरे तर सोडाच. मशीन तोंडाचा वास नाही, फुप्फुसातून येणाऱ्या हवेतली दारू मोजतं. लिमिट १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, आणि शरीर तासाला साधारण १५ उतरवतं, त्यामुळे रात्री १ ला १२० असेल तर ३० वर यायला सकाळचे ७ वाजतात, मधे कितीही झोपा काढा नाहीतर गार पाण्याने आंघोळ करा.

शेवटची ओळ, "काही झालंच तर इन्शुरन्स आहे". पिऊन चालवताना गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला पॉलिसीत चक्क नकार लिहिलेला असतो, पण बारीक अक्षरातलं ते पान वाचतो कोण. आणि माणूस गेला तर? मुंबईत कार्टर रोडला २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या ७ जणांचा जीव गेला, त्या केसमध्ये सदोष मनुष्यवधाची ३ वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये कायम केली.