उपचार म्हणजे मोकळे रान नव्हे

अमली पदार्थ प्रकरणातील अटकेची बातमी झळकली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. व्यसनी आणि मनोरुग्ण आरोपींना तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवणे हे परदेशी खूळ आहे, त्यामुळे गुन्हेगारांना मोकळे रान मिळते, आणि गजाआड टाकले की व्यसन आपसूक सुटते, असे त्याचे म्हणणे असते.

खूळ परदेशी असल्याचा आरोप कायदा न वाचताच केलेला आहे. आपल्याच १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातील कलम ३९ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिची संमती असल्यास, न्यायालय लगेच कैद न सुनावता शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचारांसाठी सोडू शकते. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉईन ५ ग्रॅम, गांजा १ किलो. गोण्या भरून माल आणणाऱ्याला ही वाट मुळात खुलीच नाही.

मोकळ्या रानाचे म्हणाल, तर आधी बंधपत्र, म्हणजे अटी पाळण्याची लेखी हमी, लिहून द्यावे लागते, वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल घेऊन न्यायालयापुढे हजर व्हावे लागते, आणि त्यानंतरही तीन वर्षांपर्यंतचे नवे बंधपत्र मागितले जाऊ शकते. ते मोडले की शिक्षा ठरलेली. सेवनासाठी कमाल कैद एक वर्षाची आहे, हे लक्षात घेतले तर न्यायालयाची नजर कुठे अधिक काळ राहते, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा दावा सर्वांत घातक आहे. रोज पिणाऱ्याची दारू कोठडीत एकाएकी बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात. पहाऱ्यावरच्याला ते सोंग वाटते. प्रत्यक्षात ही डिलिरियम ट्रेमेन्सची अवस्था असते आणि औषधाविना ती जीवही घेऊ शकते. हेरॉईनचा धोका उलट सुटकेनंतर वाढतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनीच मात्रा जास्त ठरते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला.

मनोरुग्णांना दवाखान्यात डांबले की भागले, असेही काहींना वाटते. पण कुलूप तेच राहिले तर पाटी बदलून उपयोग नाही. आसामातील मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक होऊन तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले, १९६७ मध्ये त्यांना ठीक ठरवून तुरुंगात धाडले गेले, आणि खटला न चालताच ते २००५ मध्ये सुटले. मनोरुग्ण आरोपीला रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्र नियमित बाह्यरुग्ण उपचारांची हमी देत असेल, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी त्याला सोडण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ३६९ मध्ये आहे. आरोपीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला ती न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावी.