बोंबलाला कोणी अळ्या भरवत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या मामीनं दाराशी आलेल्या मासळीवालीला परत पाठवलं. पनवेलला वर्षानुवर्षं तिच्या दारात येणारी ही बाई, पाटीत करंजा बंदरातले ताजे बोंबील. मामेबहीण सातव्या महिन्यात माहेरी आली आहे, बोंबील तिच्या जिवाचे. तरी मामीनं नको म्हटलं, कारण आदल्या रात्री तिला व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला होता.

मेसेज थोडक्यात असा: ‘सगळ्या माशांना आता घाणीवर वाढवलेल्या, गटारातल्या माश्यांच्या अळ्या खायला घालतात. त्यांची अंडी माशाच्या मांसात राहतात आणि आपल्या पोटात फुटतात. किड्यांच्या कवचातल्या कायटिननं कॅन्सर होतो. युरोपनं बंदी घातली म्हणून हा माल भारतात ढकलला जातोय. हा पाश्चात्त्यांचा कट आहे. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील, काहीही खाऊ नका. गरोदर बायकांनी तर मुळीच नाही.’ खाली सडक्या मांसावर वळवळणाऱ्या अळ्यांचा फोटो. त्यानंतर हाच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर आला. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

माशांची यादीच आधी बघा. खाद्य घालायचं तर मासा पाळलेला हवा. बोंबील, बांगडा, सुरमई बोटी समुद्रातून जाळ्यात धरून आणतात. तिथं त्यांना कोण काय भरवणार? पापलेट 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला तो समुद्रातली त्याची आवक घटत चालली म्हणून. तळ्यात सहज वाढला असता तर त्याची एवढी काळजी करावीच लागली नसती. (पॉम्पानो नावाचा पापलेटासारखा दिसणारा मासा पाळतात हे खरं, पण तो वेगळा.) आपल्याकडे पाळतात ते रोहू, कटला, मृगळ, पंगास, तिलापिया आणि व्हॅनामी कोळंबी. त्यातही रोहू-कटल्याला बहुतेक शेतकरी भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालत आलेत.

आता ती अंडी. राग आला तो याच वाक्याचा, कारण हे वाचून माझी बहीण रात्रभर झोपली नाही. अळी अंडी घालतच नाही. अळी म्हणजे किड्याचं पोर. अंडी घालायला तिचा कोष व्हावा लागतो, कोषातून माशी बाहेर पडावी लागते, माशीची जोडी जमावी लागते. खाद्यासाठी अळ्या गोळा करतात त्या याच्या कितीतरी आधी. मग त्या उष्णतेनं मारतात, वाळवतात, दाबून त्यातलं तेल काढतात आणि उरलेल्याचं पीठ करतात. हे पीठ इतर खाद्यात मिसळून गोळ्या पाडतात, तेव्हा पुन्हा एकदा उष्णता. या गोळ्या मासा खातो आणि पचवतो. त्याच्या पोटातली घाण आपण साफ करून फेकतो, आणि मग तो मासा आपल्या तव्यावर येतो. एवढ्या सगळ्यातून कोणतं अंडं जगून बाळापर्यंत पोचणार आहे, ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

आणि मासे किडे कधीपासून खायला लागले? डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरीत आणि टाक्यांत गप्पी मासे सोडतात, ते काय उगाच? पहिल्या पावसात वाळवीचे पंखवाले किडे पाण्यावर पडले की मासे कसे तुटून पडतात ते ओढ्याकाठी वाढलेल्या कुणालाही विचारा. गळाला गांडूळ लावून धरलेला मासा आमच्या आजोळी चवीनं खात होते, मामीसुद्धा.

फोटोबद्दल एवढंच. खाद्यासाठी अळ्या वाढवण्याच्या उद्योगात सर्वांत जास्त पाळतात ती ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची काळी माशी. ती चावत नाही आणि घरमाशीसारखी आपल्या ताटावर घोंघावतही नाही.

कायटिनचा कॅन्सरशी संबंध कुठून काढला कोण जाणे. कोळंबीचं टरफल, कुर्लीची पाठ यांत कायटिनच असतं. अळंबीतही असतं. सुका जवळा तर आपण टरफलासकट खातो, पिढ्यान्‌पिढ्या. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांना किडे थेट खाल्ल्यास त्रास होऊ शकतो, हे मात्र खरं. पण इथं किडे खातोय तो मासा.

युरोपचा मुद्दा सरळ उलटा आहे. गाईंमध्ये प्राणिज खाद्यातून पसरलेल्या मॅड काऊ रोगानंतर 2001 साली युरोपीय संघानं पाळीव जनावरांच्या खाद्यात प्राणिज प्रथिनं वापरण्यावर, काही अपवाद सोडून, बंदी आणली होती, त्यात किडेही अडकले. या मुद्द्यातलं अर्धं खरं ते एवढंच. पुढे 2015 साली तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफ्सानं, सगळे धोके तपासून सविस्तर अहवाल दिला. किड्यांना परवानगी असलेलंच खाद्य घातलं तर जंतूंचा धोका इतर प्राणिज प्रथिनांइतकाच राहील, असा त्याचा निष्कर्ष. त्यानंतर 1 जुलै 2017 पासून पाळीव माशांच्या खाद्यात सात जातींच्या किड्यांचं पीठ वापरायला युरोपनं परवानगी दिली. त्या सातांत घरमाशीही आहे, हे मी लपवत नाही. 2021 मध्ये कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यालाही परवानगी मिळाली. बंदी आली नाही, उठली. हा एक अहवाल कुणी चाळला असता तरी अर्धा मेसेज गळून पडला असता.

‘घाणीवर वाढवतात’ यात तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करते. या अळ्या शेणावर, खरकट्यावर, कशावरही वाढतात. कॅडमियमसारखा जड धातू खाद्यात असला तर तो त्यांच्या अंगात साठतो. एफ्सानंही अळ्यांना काय घालता यावरच सगळं अवलंबून आहे असं म्हटलंय. म्हणूनच युरोपात त्यांना शेण किंवा हॉटेलातलं खरकटं घालायला मनाई आहे. आपल्याकडेही हाच नियम कडकपणे पाळला जावा अशी मागणी कुणी केली तर मी पहिली सही करीन. आणखी एक त्रुटी आहे. या अळ्यांच्या चरबीत माशाच्या तेलातलं ओमेगा-3 जवळजवळ नसतं, ते वेगळं घालावं लागतं. तरी नॉर्वेतल्या संशोधकांनी सॅमनच्या खाद्यातलं फिशमील, म्हणजे मासळीची भुकटी, पूर्ण काढून त्याजागी अळ्यांचं पीठ घातलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात माशांच्या वाढीत फरक पडला नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मेसेजमध्ये कुठंच नाही. आज पाळीव मासे आणि कोळंबीच्या खाद्यात जे फिशमील जातं ते मासळीच दळून केलेलं असतं. एक किलो फिशमीलला चार ते पाच किलो मासळी लागते. जगभरात दरवर्षी दीड कोटी टनांहून जास्त मासळी अशी भुकटी आणि तेलासाठी जाते. आपल्या किनाऱ्यावर तारली आणि जाळ्यात आलेली बारीकसारीक पिल्लं या कारखान्यांत जातात. ती पिल्लं समुद्रात राहिली असती तर मोठी होऊन मामीच्या दारातल्या पाटीत आली असती. अळ्यांचं पीठ अजून फिशमीलपेक्षा महाग आहे आणि तयारही फार थोडं होतं, त्यामुळे ‘सगळे मासे आता अळ्यांवर’ ही भीती निराधारच.

‘पाश्चात्त्यांचा कट’ वगैरेवर फार लिहीत नाही. रेशमाचा धागा काढल्यावर उरलेले कोष-किडे जपानात कार्प माशांना घालायची जुनी रीत आहे, आणि आपल्याकडेही ते मत्स्यखाद्यात वापरलेत.

मामीला फोनवर सांगितलं ते असं: गरोदरपणात जपायचं ते मुशी (शार्क) आणि मोठ्या सुरमईसारख्या शिकारी माशांपासून, त्यांच्यात पारा साठतो म्हणून, आणि तेही डॉक्टरांना विचारून. बोंबील त्यात येत नाहीत. ती बाई बुधवारी पुन्हा येईल, तेव्हा घे.