नऊशे दिवसांचं पाणी आणि मामांचा ऊस

काल रात्री अकराला मामांचा फोन. सत्तरी ओलांडलेले, ऊस उजनी धरणाच्या कालव्यावर. म्हणाले, "वाच जरा, काय पाठवलंय ते." वाचलं: "अमेरिका ९०० दिवसांचं पाणी साठवते, भारत फक्त ३०. तिकडे अडीच वर्षं पाऊस पडला नाही तरी नळ चालू! इस्रायलने वाळवंट फुलवलं, आपण नद्या समुद्रात वाया घालवतो. धरणं बांधा!" हा मेसेज याच महिन्यात मला चौथ्यांदा आला. तीनदा गप्प बसलो.

९०० चा आकडा हवेतला नाही. जागतिक बँकेच्या २००५ च्या अहवालात तो आहे. पण तो अख्ख्या अमेरिकेचा नाही. श्रीमंत देशांतल्या कोरड्या खोऱ्यांचा आहे, म्हणजे अमेरिकेतलं कोलोरॅडो नदीचं आणि ऑस्ट्रेलियातलं मरे-डार्लिंग. मेसेजवाल्याने नेमका 'कोरड्या' हा शब्द गाळला. हे दिवस मोजतात कसे? धरणांची क्षमता भागिले नदीचा सरासरी प्रवाह. नदी बारीक, तर उत्तर मोठं. कोलोरॅडोचं खोरं गोदावरीच्या दुप्पट, पण वर्षाचं नैसर्गिक पाणी साधारण १८ अब्ज घनमीटर. गोदावरीचं ११० च्या आसपास. तीच धरणं उचलून गोदावरीवर ठेवली तर ९०० चे दीडशे दिवस होतील!

शिवाय ती क्षमता आहे, पाणी नव्हे. कोलोरॅडोवरच्या हूवर धरणामागचा जलाशय, लेक मीड, जुलै २०२२ मध्ये २७ टक्क्यांवर आलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी या नदीवर पहिल्यांदाच सरकारी टंचाई जाहीर झाली आणि अॅरिझोनातल्या शेतकऱ्यांचं पाणी कापलं गेलं. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं, की मामांची जी गत होते, तीच त्यांची झाली. पाऊस नाही तरी नळ चालू म्हणे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. माणशी साठा आपल्याकडे खरंच कमी आहे. युरोपातल्या ऱ्हाइन नदीच्या काठी बाराही महिने पाऊस पडतो, आपला चार महिन्यांत उरकतो, म्हणून साठवण आपल्याला जास्त लागते. धरणंच नकोत, असं मी म्हणत नाही.

इस्रायलचं काय? त्यांनी समुद्राचं पाणी गोडं केलं, सांडपाणी शुद्ध करून शेतीला दिलं. यात धरण कुठे आलं?

आणि ते 'वाया'. कोलोरॅडो आता बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही. मेक्सिकोतला तिचा त्रिभुज प्रदेश इतका सुकला की २०१४ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोने मिळून त्यात मुद्दाम पाणी सोडलं.

देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रातच आहेत, मामा. तुमच्या उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, त्यातलं ६३ मृतसाठा, म्हणजे तळाचं, कालव्यात न येणारं पाणी. उरलेल्या पाण्यावर तुमचा आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. रविवारी येतोय, तेव्हा अमेरिका बाजूला ठेवून कालव्याच्या पाळीचं बोलू.