शहापुरातल्या आमच्या दुकानाला मिळालेल्या एका ताऱ्याबद्दल

नमस्कार. आमच्या दुकानातून तुम्ही दुखावून गेलात, त्याबद्दल माफी मागतो.

तुम्ही लिहिलंय: "पोटाच्या कॅप्सूलवर 1,050 रुपये पाण्यात. 3 आठवडे खाऊन फरक शून्य. शौचाला काळं होतंय म्हणून सांगायला गेलो, तर मालक चारचौघांत दारूवरून ओरडले आणि हाकलून लावलं. यांना डॉक्टर कुणी केलं?" पोराने सकाळी मोबाईलवर दाखवलं. आमचे सगळे मिळून रिव्ह्यू 15, तुमचा 16 वा. 4.6 वर होतो, 4.4 वर आलो. पलीकडच्या रस्त्यावर 20 टक्के सूट देणारं मोठं दुकान उघडलंय, अशा वेळी हे आकडे आम्हाला किती लागतात ते तुम्हाला कळणार नाही, आणि कळावं असंही नाही.

पैशाचं लवकर सांगतो. डबीवर छापील किंमत 1,150 होती, तुम्हाला 1,050 ला दिली. 30 पैकी 21 खाऊन 9 उरलेली डबी तुम्ही परत आणलीत. आत पोटाला चांगले असे जिवंत जंतू असतात, गार आणि कोरड्या जागी ठेवायला डबीवरच लिहिलंय. उघडलेली डबी मी दुसऱ्या कुणाला देऊ?

पण मला लागलंय ते "चारचौघांत". त्या संध्याकाळी साधारण आठ वाजता दुकानात कोण होतं, तेवढं ऐकून घ्या. दुकान 10 बाय 12 चं, त्यात चारचौघं उभेच राहत नाहीत. एक माझी आई, गल्ल्याजवळच्या खुर्चीत. तिला ऐकायला येत नाही, यंत्र घरी डब्यात पडलेलं असतं. दुसरा समोरच्या वाड्यातला पोरगा, शाम्पूचं पाऊच न्यायला आलेला, वय असेल नऊ-दहा. तिसरे तुम्ही आणि चौथा मी. आता यातले चारचौघं कोण, सांगा. बाहेर तुमच्याबरोबर आलेले कुणी उभे असतील तर ते तुमचेच.

आणि मी "बेवडा" हा शब्द काढलेला नाही. तुम्हीही तसं लिहिलं नाही, हे मान्य. पण वाचणारा तेच समजतो. मी एवढंच विचारलं, "पावणं, रोज घेतासा काय?" हे मी प्रत्येकाला विचारतो, निपाणीहून आलेल्या मास्तरांना विचारतो, चंदगडहून बाजाराला आलेल्या बाईंनाही त्यांच्या मालकांसाठी विचारतो. तुम्हाला विचारलं, कारण तुम्ही म्हणालात, "या कॅप्सूल राहू देत, बदल्यात ते पोट साफ करायचं अरिष्ट द्या." आसव आणि अरिष्टं आंबवून करतात, त्यात आपोआप दारू तयार होते. किती टक्के ते बाटलीवर छापलेलं असतं, वाचा कधी. यकृताला सूज असलेल्या माणसाला ते देऊ नये. आणि दारू सोडवायची गोळी चालू असलेल्याने तर ते तोंडाला लावूच नये: चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, माणूस घाबरून मरायला टेकतो. कुणी गोळी घेतंय की नाही हे माझ्या काउंटरला कसं कळणार? म्हणून विचारायचं. न विचारता बाटली दिली असती तर माझे 180 रुपये सुटले असते आणि तुमचे पाच तारेही.

डॉक्टर मी नाही. मी बी.कॉम. आहे. पण 14 वर्षं या धंद्यात आहे, आणि डबीवर "औषधी वापरासाठी नाही" अशी ओळ छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ती मी गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवतो. तुम्हाला दाखवली नसेल. डबी घेतलीत त्या दिवशी काउंटरवर आमचा पोरगा होता आणि गणपतीच्या आधीची गर्दी होती. ती चूक आमची. ते पहिल्यांदाच सांगायला पाहिजे होतं, खरं आहे.

काय सांगायला पाहिजे होतं? दारूने आतड्याचं अस्तर सैल पडतं. आतल्या जंतूंचं विष त्यातून झिरपतं, आणि आतड्याचं रक्त आधी यकृतातच जात असल्यामुळे ते सगळं यकृतावर जाऊन आदळतं. कॅप्सूलमधले चांगले जंतू त्या जागी किती दिवस टिकणार? खानापुरातल्या पावसात कौलं फुटलेली आणि आपण खाली भांडी मांडत बसायचं, तसला प्रकार. भांडी मीच विकतो, म्हणून मला हे जास्त माहीत. इसबगोल घ्या, ताक घ्या, नाचणीचं आंबील घ्या, पोटाला बरंच आहे. पण वरून रोज क्वार्टर ओतत राहिलं तर 1,050 च काय, 10,000 चीही डबी पाण्यातच.

यकृत बिचारं लवकर बोलत नाही. नुसती चरबी साठली असेल तर पिणं थांबवल्यावर काही आठवड्यांत उतरायला लागते. पुढे गाठी-वळ पडून ते आकसलं की मागे फिरत नाही. स्वादुपिंडाची सूज, ब-1 जीवनसत्त्व कमी पडून पायांना मुंग्या आणि डोक्यात गोंधळ, घशाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर, ही मागून येणारी मंडळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने दारूला 1988 मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. हे मी तुम्हाला त्या दिवशी सगळं सांगितलं नाही, नाहीतर त्यालाही तुम्ही भाषण म्हटलं असतं.

आता "ओरडले". होय, आवाज चढला. तुम्ही "काळं होतंय, डांबरासारखं" असं सहज म्हणालात, भाकरी करपली म्हटल्यासारखं. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, ते मी आधी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. मग पिणाऱ्या माणसाला असं होतं तेव्हा आत वरच्या बाजूला कुठेतरी रक्त जात असण्याची भीती असते, जठरात किंवा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांत. मी म्हणालो, "दुकानात काय करालासा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावा." तुम्ही त्याला हाकलणं म्हणता. रिक्षाही मीच थांबवली होती. तुम्ही बसला नाहीत, शिनोळीकडची गाडी चुकेल म्हणून निघून गेलात.

बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती मला म्हणते, आईशी दिवसभर बोलून बोलून तुमचा आवाजच असा झालाय, समोरच्याला वाटतं भांडताय. वाड्यातल्या त्या पोराने घरी जाऊन सांगितलं म्हणे, "काका कुणाला तरी रागावत होते." म्हणजे त्याला ऐकू गेलं. ते तुम्हाला जड गेलं असेल. त्याबद्दल परत माफी. यापुढे असं काही विचारायचं झालं तर मागच्या बाजूला, गोदामाच्या दारात विचारू. तिथे स्टूल ठेवायचं बघतो. पोरालाही सांगितलंय, विकतानाच नीट समजावायचं.

एक मात्र माझ्यावरच्या रागाने करू नका. रोज भरपूर घेणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. 14446 हा व्यसन सोडवायला मदत करणारा सरकारी फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. काळं अजून होत असेल तर हे वाचत बसू नका.

उरलेल्या 9 कॅप्सूलचे 35 रुपयांप्रमाणे 315 होतात. ते मी द्यायला तयार आहे, डबी तेवढी घेऊन या. दुपारी दीड ते चार बंद असतं. त्यावरूनही एकाने तारा कापलाय.