खुलासा: रीसेट केल्याने राउटर अपडेट होत नाही

‘राउटरचं रीसेट बटण दहा सेकंद दाबून धरा, सॉफ्टवेअर नवं होतं’ असा मेसेज नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. हे साफ चूक आहे. रीसेटने फक्त सेटिंग्ज पुसल्या जातात. फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, त्याच आवृत्तीचं, जुन्या त्रुटींसकट राहतं. शिवाय पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड पुसलं गेलं की नेटच बंद.

अपडेट करायचंच तर राउटरखालच्या लेबलवर मॉडेलसोबत हार्डवेअर आवृत्तीही बघा. व्ही२ आवृत्तीची फर्मवेअर फाइल व्ही३वर चढवली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या, लॅन केबल लावूनच चढवा. मधेच वीज गेली तर फर्मवेअर अर्धवट लिहिलं जातं, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर हवा. फायबरवाल्याने दिलेल्या डब्याचं अपडेट बहुधा तोच दुरून करतो. त्या डब्याला हात लावू नका.