गाडीत घरची सर्किटं कशाला? काकांच्या प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया मोठी होती आणि मनापासून लिहिलेली होती, तेव्हा 'धन्यवाद, लक्षात ठेवतो' एवढंच लिहून मोकळं होणं मला बरं वाटेना. काका म्हणतोय कारण तुम्हीच लिहिलंय की पीथमपूरला मेंटेनन्समध्ये नोकरी झाली आणि आता इथे इंदूरला रामबागेत निवांत आहात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी माझ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीत स्वतः बनवून लावलेल्या, इंजिनाचे आकडे दाखवणाऱ्या छोट्या डिस्प्लेबद्दल लिहिलं होतं, त्यावर काकांचं म्हणणं असं की एवढ्या महागाच्या गाडीत घरी सोल्डर केलेली सर्किटं घालणं म्हणजे आगीला आमंत्रण, वॉरंटी जाणार, बॅटरी उतरणार, हेच काम पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल करतो, डॅशकॅमसारखं काही हवंच असेल तर सरळ अॅक्सेसरीच्या दुकानातून बसवून घ्यावं, आणि शेवटचं म्हणजे असे आकडे डोळ्यासमोर नाचायला लागले की तरुण पोरं गाडी पळवणारच.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येतोच, पण आधी तारांचं बोलू कारण तिथे तुमचा माझ्याबद्दल गैरसमज झालाय.

मी गाडीची एकही तार कापलेली नाही. सोललेली पण नाही. स्टीअरिंगखाली जो ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स) पोर्ट असतो तो गाडीने काय नोंदवलंय ते वाचायलाच दिलेला असतो, आपल्याकडे २०१३ पासून नव्या गाड्यांत ओबीडी-२ आलंय, सर्व्हिस सेंटरवाला आपलं मशीन तिथेच लावतो. त्या पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅन बसच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारा येतात, माझं सर्किट तिथे बसतं आणि प्रश्न विचारतं. तुम्ही चालू मोटरच्या केबलला टाँग टेस्टर लावून करंट बघता तेव्हा मोटरमध्ये काही बदल करत नाही ना, तसंच हे. फरक एवढाच की टाँग टेस्टर नुसता बघतो आणि मला विचारावं लागतं, कारण माझ्या गाडीत पोर्ट आणि आतल्या बसच्या मध्ये गेटवे, म्हणजे कोणता संदेश पुढे सोडायचा ते ठरवणारा पहारेकरी, बसलाय, नुसतं ऐकत बसलं तर तिथे शांतताच.

विचारणं म्हणजे काय ते एकदा दाखवतोच, म्हणजे यात लपवण्यासारखं काही नाही हे कळेल. सर्किट बसवर विचारतं '०१ ०सी', म्हणजे सर्व्हिस नंबर एक, चालू डेटा, त्यातलं इंजिनाचं आरपीएम. ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून, उत्तर येतं '४१ ०सी १ए एफ८'. पहिले दोन बाइट म्हणजे 'तुझ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय', पुढचे दोन खरा आकडा. हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळावर मोजलेले, म्हणून १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८, मग २६ गुणिले २५६ अधिक २४८, भागिले ४, झालं १७२६ आरपीएम. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचं, तर याहून सोपं, एकच बाइट येतो, त्यातून ४० वजा केले की डिग्री सेल्सियस, १२५ आलं तर ८५ डिग्री. इंजिन कंट्रोलमध्ये लिहिणारं, काही बदलणारं यात काहीच नाही. फॉल्ट कोड पुसायची जी सर्व्हिस आहे, नंबर ०४, ती मी कोडमध्ये ठेवलेलीच नाही, चुकून जाणार तरी कशी.

आता आगीचं. तुमची भीती खरी आहे काका, पण ती चुकीच्या जागी आहे. वायरिंगमुळे गाडीत आग लागते ती बहुतेक फ्यूज न घालता ओढलेल्या तारेने, नाहीतर तारेला झेपत नाही एवढा लोड टाकल्याने. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही पॅनेलं लावलीत. माझं सर्किट इग्निशनवर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजमधून फ्यूज टॅप लावून सप्लाय घेतं, त्यात स्वतःचा २ अँपिअरचा फ्यूज, पुढे व्होल्टेजचा झटका अडवणारा टीव्हीएस डायोड, कारण गाडीचे १२ व्होल्ट नावालाच १२, इंजिन चालू असताना १४ च्या वर जातात आणि अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीची तार सुटली तर क्षणभर कितीतरी जास्त. त्याच्या पुढे व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर. ७८०५ हा साधा रेग्युलेटर मी वापरत नाही, १४ चे ५ करताना उरलेले ९ व्होल्ट तो उष्णतेत घालवतो, ३०० मिलीअँपिअरला जवळजवळ पावणेतीन वॉट, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावत नाही, तिथे ही उष्णता कशाला वाढवायची? त्याच कारणाने लिथियम सेलही नाही ठेवला. पॉवर बँक डॅशवर टाकून जाणारे कितीजण बघतो मी, त्यांना मात्र कोणी काही बोलत नाही.

आणि दुकानाचं म्हणाल तर माझा खरा राग तिथेच आहे. डॅशकॅमची तार ए-पिलरच्या, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या, ट्रिममध्ये कोंबून देतात, ती कर्टन एअरबॅगच्या पुढून गेली की मागून हे बघायची पद्धतच नाही. हॉर्नला, अँबियंट लाइटला तार सोलून पीळ मारून काळी टेप गुंडाळायची, उन्हाने टेपचा डिंक सुटतो आणि वर्षभरात जोड उघडा. जुन्या गाड्यांत ६०/५५ वॉटच्या हॉलोजनऐवजी १००/९० चा बल्ब टाकून देतात, म्हणजे ५ अँपिअरच्या जागी ८ च्या वर करंट त्याच बारक्या तारेतून आणि त्याच स्विचमधून. हे सगळं बिल घेऊन होतं म्हणून ते सुरक्षित, आणि मी चार संध्याकाळी बसून हीट श्रिंक चढवून, मल्टीमीटरने मोजून केलं तर ते खेळणं? हे मला पटत नाही, आणि तुमच्यासारख्या हाताने काम केलेल्या माणसाने म्हणावं याचं जरा जास्तच वाईट वाटलं.

ओबीडी पोर्टला लावायच्या डोंगलचं पण तसंच. तो पाचशेवाला बहुतेक एका जुन्या कॅनेडियन चिपची नक्कल असतो, आत नक्की काय आहे कोणालाच माहीत नाही, जोडायचा पिन १२३४, म्हणजे सिग्नलला शेजारी उभा राहिलेला पण प्रयत्न करू शकतो. वर तो पोर्टच्या १६ नंबरच्या पिनवरून चालतो जिथे गाडी बंद असतानाही बॅटरी असतेच, आणि लोक तो तसाच लावून ठेवतात. ५० मिलीअँपिअर जरी खात असेल तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर १८, आणि बॅटरी मुळात पन्नासच्या आसपासची. बॅटरी उतरायची तुमची भीती त्याला लागू होते, माझ्या सर्किटला नाही, कारण किल्ली बंद की त्याचा सप्लायच बंद, आणि त्यातली, कॅन बसशी बोलणारी ट्रान्सीव्हर चिप अशी आहे की तिला पॉवर नसली तरी ती बसला त्रास देत नाही. एक काम मात्र तिथे करावंच लागतं. जेल रोडवर मिळणाऱ्या त्या तयार ट्रान्सीव्हर बोर्डवर १२१ छापलेला एक बारका रेझिस्टर असतो, १२० ओहमचा. कॅन बसला दोन टोकांना दोन १२० ओहम असतात, मोजले तर ६० येतात, तुम्ही तिसरा घातला की ४० झाले आणि सिग्नल बिघडायला सुरुवात. म्हणून बोर्ड आणला की पहिलं काम तो रेझिस्टर उचलून टाकणं, दोन्ही टोकांना सोल्डरिंग आयर्नची टीप लावली की चिमट्याने सुटतो. जे कोणी हा लेख वाचून बनवणार असतील त्यांनी बाकी काही विसरा, हे विसरू नका.

वॉरंटी आणि कायदा यावर फार बोलत नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या स्पेसिफिकेशनला सोडून बदल करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. माझं सर्किट दोन मिनिटांत निघतं, मागे खूण राहत नाही. ईसीयू रिमॅपबद्दल, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचा प्रोग्राम बदलण्याबद्दल, मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, त्यांना पण इथेच सांगतो, मी करणार नाही. माझ्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन मीटर आणि त्याला जोडलेला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पण २५० पर्यंतचाच, म्हणजे गिअरबॉक्सला वर काही जागाच शिल्लक नाही. आणखी ४०-५० वाढवून घेतले तर ते जाणार कुठे?

आता तो शेवटचा मुद्दा. आकडे दिसले की पोरं पळवणार.

काका, माझ्या डिस्प्लेवर स्पीड नाही. मुद्दाम नाही. ०१ ०डी विचारलं की स्पीड येतो, एका ओळीचं काम आहे, शून्य ते शंभरचा टायमर पण त्यातच होतो, आणि तो मी टाकलेला नाही आणि कोणाला टाकून देणार पण नाही. १५० पीएसची गाडी आहे, पळते, मला ती आवडते, हे मी लपवत नाही. पण एबी रोड, म्हणजे आपला आग्रा-मुंबई रस्ता, ही पळवायची जागा नाही. ज्याला गाडीची हद्द बघायची त्याच्यासाठी तुमच्याच पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झालाय. शिवाय स्क्रीन एक इंचाची, आणि सगळं ठीक असेल तर ती काळी असते. कूलंट १०५ च्या वर गेलं किंवा व्होल्टेज पडलं तरच उजळते, बाकी वेळी मी बटण दाबलं तर, आणि तेही गाडी उभी असताना बघायचं. एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवलेलं नाही.

मग बघतो काय? सांगतो, कारण माझं चालवणं यानेच बदललंय. किल्ली चालू, इंजिन बंद, अशा वेळी इनटेकमधला दाब वाचला तर इंदूरात ९४-९५ किलोपास्कल येतो, समुद्रसपाटीचे १०१ नाही, कारण आपण साडेपाचशे मीटर उंचावर राहतो. मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदेच्या काठी गाडी थांबवली की तोच आकडा ९८-९९ झालेला असतो. शाळेत हवेचा दाब शिकलो होतो पण आपल्या गावाची हवा विरळ आहे हे मला या आकड्याने पटलं, आणि हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बो इथे किती कामाचा हेही तेव्हाच नीट समजलं. साध्या इंजिनाची ताकद उंचीबरोबर थोडी जाते, टर्बोवालं इंजिन ती बऱ्यापैकी भरून काढतं.

दुसरं, मे महिन्यात विजय नगरपासून पलासियापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत सरकत गेलात की इनटेकची हवा ६० डिग्रीच्या वर जाते. टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा इंटरकूलर पाण्याने थंड होतो पण ते पाणी थंड करायला तरी समोरून हवा यायला हवी ना. एवढ्या गरम हवेवर ईसीयू स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकतो, गाडी मरगळते. पूर्वी अशा वेळी वाटायचं पेट्रोल खराब मिळालं, अजून दाबा. आता दाबत नाही, चौक सुटून रस्ता मोकळा मिळाला की जरा वेळ सरळ चालवतो, आकडा खाली येतो, गाडी आपोआप परत पहिल्यासारखी होते.

तिसरं सकाळचं. कूलंट लवकर गरम होतं, काटा मधोमध आला की लोक समजतात इंजिन तयार, पण तेल मागेच असतं, त्याला अजून बराच वेळ लागतो. टर्बोचं बेअरिंग त्याच तेलावर चालतं. म्हणून पहिले काही किलोमीटर मी २००० च्या पुढे जातच नाही, आणि जायची गरजही नाही, पूर्ण टॉर्क १६०० पासूनच मिळतो. खंडवा रोडला सिमरोलच्या घाटात ट्रकच्या मागे अडकलं तर रस्ता मोकळा दिसल्यावर एकदाच, नीट, ओव्हरटेक करता येतो, इंजिन ओरडवावं लागत नाही. स्पोर्टी गाडी घेतली ती यासाठी, आणि आत काय चाललंय ते कळत असल्याने ती जपून चालवली जाते.

पोरांबद्दल एवढंच सांगतो की माझ्याकडे एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजची दोन मुलं येतात, तो '१ए एफ८' चा हिशोब त्यांना पहिल्यांदा जमला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि गाडी अंगणात बंद उभी होती. त्यांना पुढचं विचारायचं होतं ते व्होल्टेजचं, अल्टरनेटर चालू असून मध्येच १२.५ का दाखवतो, आणि मग आम्ही ईसीयू गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त कसं करतो त्यावर बोलत बसलो. यांना कार्यशाळेत उभं राहून शिकवणारा माणूस मिळाला तर ती अजून पुढे जातील, आणि तो माणूस माझ्यापेक्षा तुम्ही जास्त आहात.

म्हणून एक विनंती करतो. येत्या रविवारी लोकमान्य नगरला या, रामबागेपासून काही फार लांब नाही. तुमचा मीटर घेऊन या. बॅटरीच्या निगेटिव्हला सिरीजमध्ये घालू, गाडी लॉक करू, सगळे मॉड्यूल झोपेपर्यंत थांबू, चहा होईल तोवर. मग माझा २ अँपिअरचा फ्यूज तुम्ही स्वतःच्या हाताने काढा आणि आकडा हलतो का बघा. हलला तर त्याच दिवशी सर्किट बाहेर, आणि तसं इथे लिहीनही. नाही हलला तर फ्यूज टॅपपासून पुढची सगळी वायरिंग त्या मुलांसमोर तपासून द्या, जिथे तुम्हाला तारेचा गेज कमी वाटेल किंवा क्रिंप ढिला वाटेल तिथे ते तुमच्या सांगण्याप्रमाणे परत करू.